साखर उतरणाऱ्या मुलाला दिलेली बिनलेबलाची पुडी

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा, अंगाने किडकिडीत. ताप आला किंवा रात्री न जेवता झोपला, की सकाळी उठायचाच नाही. बळेच उठवला तर घामाने ओला, हात थरथरतायत, हाक मारली तरी ओळख नाही. गावातल्या डॉक्टरांनी एकदा नेमकं त्याच वेळी ग्लुकोमीटर लावलं तर रक्तातली साखर ४४, म्हणजे फारच कमी. ते म्हणाले, "ताई, याचं कारण शोधायला लहान मुलांच्या हार्मोनचेच डॉक्टर हवेत." त्यांनी चिठ्ठी दिली, पण मोठ्या रुग्णालयातली तारीख बरीच पुढची मिळाली.

मधल्या काळात फोनवर जाहिरात दिसली. मुलांची साखर, उंची, हार्मोन, सगळं मुळापासून बरं, उद्याच भेटा. शहरातला एसी दवाखाना, भिंतभर प्रमाणपत्रं, नावापुढे अक्षरांची लांब रांग. त्या रांगेत बालरोगाची एमडी किंवा डीएनबी मात्र नव्हती.

मुलाच्या मुठीत धातूची एक दांडी दिली, ती वायरने लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात प्रिंटरमधून जाडजूड रिपोर्ट निघाला. पिट्युटरी, थायरॉइड, ॲड्रिनल, स्वादुपिंड, प्रत्येकापुढे लाल-हिरवे पट्टे. रक्ताचा एक थेंबही काढला नव्हता. मुठीत दांडी धरून कुठलाही हार्मोन मोजता येत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. साखर का उतरते हे कळायला साखर उतरलेली असतानाच रक्त घ्यावं लागतं. त्याच नमुन्यात इन्सुलिन, कॉर्टिसॉल (साखर आणि रक्तदाब टिकवणारा हार्मोन), ग्रोथ हार्मोन आणि कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात येणारे पदार्थ) बघतात. साखर वर आली की पुरावा गेला. म्हणून खरे तज्ज्ञ गरज पडली तर मुलाला दाखल करून, देखरेखीखाली उपाशी ठेवून हा नमुना घेतात.

आम्हाला मात्र ३८,००० रुपयांचं 'पॅकेज' दिलं. पैसे आधी, पावती "शेवटी एकत्र". पांढऱ्या पुड्या, वर नाव नाही, घटक नाहीत. "सरांचा स्वतःचा फॉर्म्युला आहे, दुसऱ्या कुणाला दाखवलंत तर गुण येणार नाही," असं काउंटरवरची मुलगी बजावून सांगायची.

आणि गुण आला. फसवणूक कळत नाही ती याच जागी. सकाळचे झटके थांबले, पोर मागून मागून जेवायला लागलं, गाल भरले. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं बाळसं धरलंय." मग चेहरा गोल गरगरीत झाला, पोट पुढे आलं, पाठीवर लव वाढली. उतरणारी साखर आता जेवणानंतर १९०च्या वर जायला लागली. दवाखान्यात उत्तर मिळालं, "शरीर शुद्ध होतंय," आणि वेगळे पैसे घेऊन आणखी एक पुडी सुरू झाली.

पुढे पुड्या यायला उशीर झाला. काही दिवसांतच त्याला उलट्या सुरू झाल्या, अंग गळून गेलं, साखर ३८. रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी सलाइन लावता लावता त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठली पावडर चालू होती?" सकाळी ८चं कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य, ते बनवायला सांगणारा हार्मोन, एसीटीएच, तोही तसाच. त्यांचं म्हणणं, पुडीत स्टेरॉइड असणार. स्टेरॉइडने भूक आणि साखर दोन्ही वाढतात, म्हणून झटके थांबले होते. पण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं, आणि पुडी एकदम तुटली की रक्तदाब आणि साखर कोसळून जीवही जाऊ शकतो.

मला सर्वांत जास्त राग याचा आहे, की आम्ही ज्या उत्तरासाठी गेलो होतो तेच त्या माणसाने पुसून टाकलं. मूळ त्रास बहुधा कीटोटिक हायपोग्लायसेमिया, म्हणजे उपाशीपोटी साखर उतरून रक्तात कीटोन वाढणं, असावा, असं मॅडम म्हणतात. बारीक अंगाच्या लहान मुलांत तो दिसतो. फार वेळ उपाशी राहू द्यायचं नाही, आजारपणात गोड पाणी द्यायचं, आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत तो बहुतेकदा आपोआप जातो. पण कॉर्टिसॉल कमी असलं तरी साखर अशीच उतरते. त्यामुळे त्याचं कॉर्टिसॉल पूर्ववत होईपर्यंत खात्रीने काहीच सांगता येत नाही. सध्या कॉर्टिसॉलच्या जागी दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोन या औषधाचा डोस हळूहळू उतरवतायत, तापात तो वाढवावा लागतो, आणि तसं पत्र त्याच्या दप्तरात कायम असतं.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एमबीबीएसनंतर काय शिकलात, हे विचारायला लाजू नका. मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयात लहान मुलांच्या हार्मोनचा विभाग आहे. मधुमेह बरा करतो, उंची वाढवतो, अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. आम्ही उरलेल्या पुड्या, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे.

तुमच्या मुलाला अशी पुडी चालू असेल, तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. पुडीसकट आजच मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी सकाळचं कॉर्टिसॉल तपासून घ्या.