गुच्ची की फेरागामो? प्रोजेक्टला कोणतं घराणं घ्यावं

मामेबहीण एमबीएला आहे, फॅमिली बिझनेसवर प्रोजेक्ट करायचाय आणि या दोघांत अडकलीये. दोन्ही इटलीतल्या फ्लॉरेन्सची फॅशन घराणी, त्यामुळे तुलना सोपी, 'वारसा, परंपरा' वगैरे जाहिरातीतलं सोडून बोलू.

सुरुवात: गुच्चिओ गुच्ची आधी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात कामाला होता, १९२१ ला चामड्याच्या वस्तूंचं दुकान टाकलं. साल्वातोरे फेरागामो बूट बनवणारा, हॉलिवूडच्या नट्यांना बूट करून देऊन १९२७ ला परतला आणि १९३३ ला दिवाळंही निघालं.

टंचाईत काय केलं ते बघ, इथे दोघंही भारी. गुच्चीने बांबू तापवून वाकवला आणि पर्सचं हँडल केलं. फेरागामोला बुटाच्या तळातल्या पट्टीसाठी चांगलं स्टील मिळेना तर पठ्ठ्याने बुचाचे तुकडे चिकटवून वेज हील (टाचेपासून पुढे सलग भरीव तळ) काढली, मला हीच जास्त डोकेबाज वाटते.

खरा फरक पुढच्या पिढीत. गुच्चीकडे भाऊबंदकी, इतकी की आपल्याकडच्या बांधावरच्या केसेस बऱ्या. १९९३ ला गुच्चिओचा नातू मॉरित्सिओने उरलेला हिस्सा इन्व्हेस्टकॉर्प या गुंतवणूक कंपनीला विकला, घराणं बाहेर (१९९५ ला त्याचा खून, तोही पूर्वीच्या बायकोने करवलेला). फेरागामो १९६० ला गेला तेव्हा पदरात सहा मुलं, बायको वांडाने कधी नोकरी केली नव्हती तरी कंपनी हातात घेतली. २०११ ला शेअर बाजारात उतरले पण ताबा घरातच.

तर भांडणं, कोर्टकचेरी असा विषय असेल तर गुच्ची घे, मटेरियल ढिगाने मिळेल. कारभार पुढच्या पिढीकडे कसा जातो हे दाखवायचं असेल तर फेरागामो, फक्त शोधाशोध जास्त करावी लागेल.