चरात उतरणाऱ्यांसाठी घेतलेले हेल्मेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पाण्याची मोठी नळवाहिनी टाकण्याच्या कामावर माझ्या हाताखाली बारा फिटर आहेत. त्यांच्यासाठी गेल्या पावसाळ्याआधी बोहरी आळीतल्या एका दुकानातून, मागच्या चकतीने घट्ट-सैल करता येणारी बारा हेल्मेटे ३८० रुपये नगाने घेतली. आत आयएसआय चिन्ह आणि 'आयएस २९२५' हा औद्योगिक हेल्मेटांच्या भारतीय मानकाचा क्रमांक उठवलेला आहे ना, हे प्रत्येक नग उलटा करून पाहिले, कारण रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोप्या साहेब पाहणीला आल्यावर डोक्यावर चढवण्यापुरत्याच असतात.

नोव्हेंबरात तीन मीटर खोल चरात जॉइंट आवळणे चालू असताना काठावरचा पाना कोणाचा तरी पाय लागून खाली आला आणि एका फिटरच्या टाळूवर आदळला. कवचावर नखाएवढा खळगा पडला, आतल्या पट्ट्यांची एक खुंटी निखळली. त्याची मान मात्र दोन दिवस अवघडली, एवढ्यावरच निभावले. कवच आणि डोके यांच्यात जी पोकळी राहते, तिच्यात पट्टे ताणले जाऊन मार जिरतो, आणि आमचे गडी नेमके तिथेच तंबाखूची पुडी खोचतात! ते हेल्मेट त्याच दिवशी मोडीत काढले.

युरोपातील ईएन ३९७ मानकानुसार ५ किलोचे वजन १ मीटरवरून सोडून हेल्मेट तपासतात. हिशेबाने १ किलोचा पाना ५ मीटरवरून पडला तरी ऊर्जा तेवढीच भरते. हायड्रा क्रेनच्या पट्ट्यातून निसटलेल्या पाइपापुढे मात्र कोणतेही हेल्मेट निरुपयोगी आहे, म्हणून पाइप टांगलेला असेपर्यंत आम्ही चरात कोणालाही उतरू देत नाही.

खरी तक्रार हनुवटीच्या पट्ट्याची आहे. वाकून जॉइंट पाहताना पट्ट्याविना हेल्मेट डोक्यावरून घसरते, आणि त्याची प्लॅस्टिकची क्लिप चार नगांवर तुटली. दुकानदाराने सुटी क्लिप देण्यास नकार देऊन "आतल्या पट्ट्यांची अख्खी जाळी घ्या" असे सुनावले. शिवाय तीन नगांवरचा उत्पादनाचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा निघाला. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होत असल्याने जुना माल घेणे मला परवडत नाही. शिक्का न पाहण्याची चूक माझीच, तरी ते नग बदलून मिळायला तीन खेपा पडल्या.

कवचाला पाचपैकी चार गुण, पट्ट्याला दीड. पुढची खेप याच कवचाची, पण कापडी पट्ट्याची घेणार आहे.