हिप्परगा तलावाकाठची सायकलवाट: वाट सरस, खुणा कुचकामी

सोलापुरात सायकलने डांबर सोडायचे म्हटले, तर जवळपास मोजक्याच जागा सापडतात, आणि त्यांतली हिप्परगा तलावाच्या काठाकाठाने जाणारी कच्ची वाट मला सर्वांत देखणी व तितकीच चकवणारी वाटली. एकरूख तलाव या नावानेही ओळखला जाणारा आणि १८७१ साली बांधून पूर्ण झालेला हा जलाशय शहरापासून तुळजापूर रस्त्याने जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर मात्र ट्रकांच्या सोबतीने कापावे लागते, त्यामुळे पहाटे निघणेच शहाणपणाचे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी ही वाट धरली. माळावरचा मुरमाड भाग चाकाला उत्तम आहे: बाभळी, बोरी, मधूनच कुसळी गवताचे पट्टे आणि उजव्या हाताला उथळ पाण्यात उतरलेले हिवाळी पाहुणे पक्षी. काळ्या रानात उतरल्यावर वेग कमी होतो, पण जमीन वाळलेली असल्यास अडचण येत नाही. पावसाळ्यात तीच माती चाकात व ब्रेकमध्ये इतकी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून त्या दिवसांत तिकडे फिरकूच नये.

तक्रार आहे ती खुणांबद्दल. कुणा हौशी मंडळींनी दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर पिवळे बाण रंगवले आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागते, की जिथे वाट एकच आहे तिथे बाण भरपूर आणि जिथे तीन फाटे फुटतात तिथे एकही नाही. एक बाण तर सरळ पाण्यात शिरा असे सुचवत होता! उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळावरून वाट पडते, पावसाळ्यानंतर ती बुडते, आणि काही पट्टे गाळपेरीसाठी नांगरले जातात. त्यामुळे एका मोसमात रंगवलेला बाण दुसऱ्या मोसमात दिशाभूल करतो, हा दोष रंगाचा नसून जागेच्या निवडीचा आहे. बाण पाण्याच्या काठावर न काढता वरच्या कायम चाकोरीवर, आणि तेही प्रत्येक फाट्यावर गावाच्या नावासह काढले असते, तर निम्मा गोंधळ टळला असता. फोनवरच्या नकाशाचाही उपयोग नाही, कारण त्यातली बारीक रेघ बांधापाशी येऊन थांबते.

असाच चुकून मी हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या कडेला पोहोचलो. राखणीला बसलेल्या आजोबांनी आधी पाणी विचारले आणि मग म्हणाले, “बाणाचं काय धरताव साहेब, ज्या चाकोरीत ताजं शेण दिसंल ती धरा, ती वस्तीवर जातीया.”

नवख्याने एकट्याने जाऊ नये, दोन लिटर पाणी आणि पंक्चरचे सामान सोबत ठेवावे, बारीक टायरची सायकल तर घरीच ठेवावी. इथले सराटे कुणाचीही गय करत नाहीत. परतीला मी आजोबांचा नियम पाळला आणि एकदाही चुकलो नाही, मात्र शेणावर नजर ठेवण्याच्या नादात सराट्यांकडे दुर्लक्ष झाले आणि महामार्गाला लागेपर्यंत मागच्या चाकात दोन पंक्चर निघाली.