कन्स्ट्रेंट खरंच समजून घ्यायचाय? डिरॅकचं हे छोटं पुस्तक घ्या

कन्स्ट्रेंट म्हणजे सिस्टिमच्या पोझिशन आणि मोमेंटमवर पडणारी अट, आणि त्यासाठी पुस्तक म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकचं 'लेक्चर्स ऑन क्वांटम मेकॅनिक्स'. न्यूयॉर्कच्या येशिवा युनिव्हर्सिटीतली चार लेक्चर्स, १९६४ ला छापलेली, आता डोव्हरची पेपरबॅक मिळते, शंभर पानंसुद्धा नाहीत. नाव बघून क्वांटमचं पहिलंच पुस्तक म्हणून मात्र घेऊ नका, क्लासिकल मेकॅनिक्समधलं हॅमिल्टोनियन (पोझिशन-मोमेंटममध्ये लिहिलेली ऊर्जा) आणि पॉइसन ब्रॅकेट (दोन राशींमधून तिसरी काढायची ठरलेली क्रिया) पक्कं पाहिजे नाहीतर सुरुवातीलाच अडकाल.

पहिल्या लेक्चरमध्ये कन्स्ट्रेंट येतो कुठून ते आहे. लॅग्रांजियनमधून (ज्यातून गतीची समीकरणं निघतात ते फंक्शन) मोमेंटम काढले आणि ते सगळे एकमेकांपासून स्वतंत्र निघाले नाहीत की झाला कन्स्ट्रेंट, मग तो पुढच्या क्षणालाही टिकला पाहिजे म्हणून त्यातून अजून कन्स्ट्रेंट निघू शकतात. पॉइसन ब्रॅकेट आधी पूर्ण काढायचा आणि मगच कन्स्ट्रेंट शून्य धरायचा, हा क्रम डिरॅक इतका नीट सांगतो की बाकी नोट्समधला गोंधळ तिथेच मिटतो.

पण खरा जीव दुसऱ्या लेक्चरमध्ये. क्वांटममध्ये आल्यावर अट स्टेटवर लागते, कन्स्ट्रेंटचा ऑपरेटर लावला की उत्तर शून्य यायला हवं, तीच फिजिकल स्टेट. आता समजा क्यू-वन (एक पोझिशन) आणि पी-वन (तिचाच मोमेंटम) दोन्ही शून्य हवेत, तर दोघांचा कम्युटेटरही (क्रम बदलल्यावर गुणाकारात पडणारा फरक) त्या स्टेटवर शून्यच द्यायला हवा, पण तो तर आय एच-बार आहे, म्हणजे अशी स्टेट उरतच नाही! किती साधं उदाहरण, आणि फर्स्ट क्लास (ज्याचा बाकी सगळ्या कन्स्ट्रेंटशी ब्रॅकेट शून्य येतो) आणि सेकंड क्लास (ज्याचा येत नाही) हा फरक का करावा लागतो ते लगेच कळतं. मग सेकंड क्लासवाल्यांसाठी डिरॅक ब्रॅकेट, म्हणजे ते कन्स्ट्रेंट सरळ शून्य धरता यावेत असा सुधारलेला पॉइसन ब्रॅकेट, येतो तेव्हा तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. मॅक्सवेलच्या फील्डचं उदाहरण पण आहे, त्यात गॉसचा नियम सेकंडरी कन्स्ट्रेंट (पहिला टिकवताना निघालेला पुढचा) म्हणून आपोआप बाहेर येतो, ते पान मला फार आवडतं.

कमी काय, तर एक्सरसाइज नाहीत. म्हणून दुसरं लेक्चर झालं की गोलाच्या पृष्ठभागावर फिरणारा कण स्वतः सोडवा: एक्सचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाइतका, आणि एक्स डॉट पी शून्य, हे दोन सेकंड क्लास कन्स्ट्रेंट. डिरॅक ब्रॅकेट काढलात की मोमेंटमचे घटक आपसातसुद्धा कम्युट करत नाहीत हे दिसेल, हात चालवल्याशिवाय ते पटत नाही.

तिसरं-चौथं लेक्चर स्पेसटाइममधल्या वक्र आणि सपाट पृष्ठभागांवरच्या क्वांटायझेशनचं (क्लासिकल सिद्धांताचा क्वांटम करण्याचं) आहे, जड आहे, रिलेटिव्हिटीत जायचं असेल तेव्हा उघडा.