ओपनरिफाइन : पार्ट्यांची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी

बडोद्यातल्या अनेक पेढ्यांत पार्टीचं (गिऱ्हाइकाचं किंवा पुरवठादाराचं) खातं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, माणसांचे फोन नंबर एक्सेलमध्ये आणि मालकाच्या मोबाइलमध्ये तिसरीच यादी. सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं की तिन्ही याद्या तशाच त्यात ओतल्या जातात. मग एकच पार्टी चार नावांनी दिसायला लागते आणि शिव्या नव्या सॉफ्टवेअरला बसतात. निवडणं-पाखडणं मधेच व्हायला हवं. त्या मधल्या कामासाठी ओपनरिफाइनइतकं चांगलं फुकट साधन शोधून सापडणार नाही. फक्त ते बिनडोक वापरता येत नाही.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. विंडोजसाठी जावासकट येणारी फाइल उतरवावी, म्हणजे वेगळं काही बसवावं लागत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे मेहताजी (हिशेबनीस) दचकतात, पण पत्ता १२७.०.०.१ असतो. म्हणजे ते तुमच्याच मशीनवर चालतं आणि यादी बाहेर जात नाही.

पहिला खड्डा फाइल आत घेतानाच. ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा दाखवतं, आणि तशा अवस्थेत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) सेव्ह केली की मागचे आकडे कायमचे गेले. ते कुठलंच साधन परत आणू शकत नाही. म्हणून सीएसव्ही न करता मूळ एक्सेल फाइलच ओपनरिफाइनला द्यावी. तिच्यात पूर्ण आकडा शाबूत असतो. आत आल्यावर फोनचा कॉलम लगेच ‘टू टेक्स्ट’ करावा, म्हणजे आकड्यांचा मजकूर होतो. सीएसव्हीच मिळाली असेल, तर मजकुराचे आकडे करण्याचा पर्याय बंद आहे ना, ते पाहावं.

फोनच्या कॉलमसाठी टेक्स्ट लेंग्थ फॅसेट (मजकुराच्या लांबीप्रमाणे नोंदी दाखवणारी चाळणी) हे या सॉफ्टवेअरमधलं सर्वांत उपयोगी हत्यार. आधी रिकाम्या जागा, डॅश, अधिकचं चिन्ह काढून टाकावं, मग किती लांबीचे किती नंबर आहेत ते आलेखात दिसतं. इथे घाई नडते. पुढे शून्य लावलेला मोबाइल अकरा आकडी, आणि ०२६५ हा एसटीडी कोड धरून बडोद्याची लँडलाइनही अकरा आकडीच. सरसकट पुढचं शून्य उडवलं, की लँडलाइन दहा आकडी होऊन मोबाइलसारखी दिसते. एक्सेलने ते शून्य आधीच खाल्लं असेल तरी हाच घोळ. मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. २६५ ने सुरू होणारे नंबर आधी वेगळ्या कॉलममध्ये काढावेत.

नावं जुळवणारं क्लस्टरिंग सगळ्यांना आवडतं, कारण ते जादूसारखं वाटतं. फिंगरप्रिंट पद्धत कॅपिटल अक्षरं, स्वल्पविराम आणि शब्दांचा क्रम यांतला फरक पुसते. ‘प्रा. लि.’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ मात्र तिला वेगळेच वाटतात, ते आधी एकसारखे करून घ्यावे लागतात. गायकवाडांच्या दोन रोमन स्पेलिंगांत एका अक्षराचा फरक असेल, तर लेव्हनश्टाइन पद्धत पकडते. उच्चारावर चालणारी मेटाफोन पद्धत स्वर जवळजवळ सोडून देते, त्यामुळे मीना आणि मोना एका गठ्ठ्यात येतात. ‘सिलेक्ट ऑल’ करून मर्ज दाबणं म्हणजे यादीची वाट लावणं. बरोडा आणि वडोदरा यांतली कुठलीच पद्धत जुळवत नाही. शहराच्या कॉलमवर टेक्स्ट फॅसेट (कॉलममधल्या वेगवेगळ्या मूल्यांची यादी) लावून हातानेच बदलावं. गुजराती लिपीतलं नाव आणि त्याचंच रोमन रूप यांचंही तेच.

आणि क्लस्टरिंग फक्त स्पेलिंग एक करतं, ओळी एक करत नाही. हे कुणी सांगत नाही. डुप्लिकेट ओळी काढायची रूढ रीत अशी: जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) सॉर्ट, मग ‘रीऑर्डर रोज परमनंटली’ (ओळींचा तो क्रम कायम करणं), मग ब्लँक डाउन (वरच्या ओळीसारखंच मूल्य खाली असेल तर ते पुसणं), मग तो कॉलम रिकामा असलेल्या ओळी निवडून काढून टाकणं. दुसरी पायरी विसरली तर ब्लँक डाउन जुन्याच क्रमाने चालतं आणि निम्म्या डुप्लिकेट तशाच राहतात. अनेक ओळींची एक नोंद धरणाऱ्या रेकॉर्ड्स मोडमध्ये केलं तरी निकाल चुकतो, प्रत्येक ओळ वेगळी धरणारा ‘रोज’ (rows) मोड हवा. सगळ्यांत महाग चूक वेगळीच आहे: जीएसटी नोंदणी नसलेल्या पार्ट्यांचा हा कॉलम मुळातच रिकामा असतो, आणि शेवटच्या पायरीत त्या सगळ्या साफ होतात. सॉर्ट करण्याच्या आधीच त्यांच्यासाठी मोबाइल नंबरच चावी (नोंद ओळखायची खूण) म्हणून भरावा.

चावीचाही विचार हवा. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं ऑफिस आणि सावलीकडचा प्लांट एकाच जीएसटीआयएनवर असू शकतात. तोच धंदा मुंबईत असेल तर गुजरातच्या २४ ऐवजी महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा वेगळा नंबर, पण आतला तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंतचा पॅन तोच. शिवाय खरेदीचा माणूस आणि अकाउंट्सचा माणूस एकाच फर्मचे, म्हणून त्यातला एक डुप्लिकेट ठरत नाही. म्हणून फर्मची यादी वेगळी आणि माणसांची वेगळी ठेवावी. फर्मची चावी जीएसटीआयएन, माणसाची मोबाइल. सीआरएममध्येही आधी फर्म, मग माणसं चढवावीत.

बाहेर काढताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या) सीएसव्ही घ्यावी आणि ती तपासायला एक्सेलमध्ये डबल क्लिक करून सेव्ह करू नये, नाहीतर वरचा सगळा खेळ पुन्हा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये एका वेळी ३००० नोंदीच चढतात, मोठी यादी तुकड्यांत द्यावी.

उणं काय? दोन हजारांहून जास्त वेगळी मूल्यं असली की टेक्स्ट फॅसेट आधी मर्यादा वाढवायला सांगतो आणि मशीन मंदावतं. पण अनडू/रीडू टॅबमधून केलेली कामं ‘एक्स्ट्रॅक्ट’ करून ठेवता येतात, आणि दुसऱ्या शाखेच्या यादीला कॉलमची नावं तीच असतील तर ‘अप्लाय’ दाबून बरीचशी पुन्हा चालवता येतात. एवढ्यासाठी पाचपैकी चार. दीडशे-दोनशे पार्ट्या असतील तर मात्र याच्या नादी लागू नये, एक्सेलमध्ये डोळ्यांनी पाहून काम लवकर होतं.