नागपूरच्या धरमपेठेतला टूर मॅनेजर कोर्स: साडेतीन तारे, त्यातले दोन एकाच प्रश्नाचे

आधी पैशाचं बोलते. शनिवार-रविवारचा तीन महिन्यांचा कोर्स, फी १४,५०० रुपये, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि सर्टिफिकेट अजून माझ्या हातात पडायचं आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी बावन्न वर्षांची, वीस वर्षं बर्डीवर एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून लोकांची तिकिटं काढली. म्हटलं, आता आपणच ग्रुप घेऊन जावं. वर्गात बाकी सगळी विशी-बाविशीतली पोरं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी सगळ्यांची काकू झाले.

व्हिसा, विमा, हरवलेली बॅग हा भाग सर नीट शिकवतात. 'जगातील संस्कृती' म्हणजे मात्र तिरक्या झेरॉक्सची चाळीस पानं. एसी एप्रिलमध्ये बंद पडला तो शेवटपर्यंत बंदच. कूलर आणून ठेवला तर त्याच्या घरघरीत सर ऐकू येईनात.

पण परीक्षा! प्रत्येकाने एका परदेशी संस्कृतीवर बारा मिनिटं प्रेझेंटेशन द्यायचं, आणि लेखी पेपरात पन्नास मार्कांचा एकच प्रश्न: स्वतःचं सोडून आवडलेली तीन प्रेझेंटेशन्स निवडा, का आवडली ते लिहा, आणि प्रत्येकातली एक तरी गोष्ट अशी सांगा जी ग्रुप नेताना तुमच्या कामी येईल. प्रश्न आधीच सांगून ठेवलेला. त्यामुळे एरवी बाकाखाली मोबाइल पाहणारी पोरंही दोन रविवार वही उघडून बसली.

मला वाटलं होतं, स्वित्झर्लंडवाल्याला पहिला नंबर देऊन मोकळं व्हावं. बर्फ, गायींच्या घंटा, मागून संगीत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री वही उघडली तर त्याच्या नावापुढे एकच शब्द, 'छान'. दुसरं काही आठवेचना. खोडलं.

इथिओपियावाल्या पोराच्या नावापुढे दीड पान भरलं होतं. तो इतवारीतला, घरचा किराणा. कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया कुठून तरी मिळवल्या, आईचा लोखंडी तवा आणि शेगडी आणली आणि वर्गातच भाजायला लागला. बिया आधी पिवळ्या पडल्या, मग तडतडायला लागल्या, आणि असा धूर झाला की चौकीदार पाण्याची बादली घेऊन धावत आला. तिकडे अशाच पाहुण्यांसमोर भाजतात, भाजल्याचा वास त्यांच्यापर्यंत नेतात, खलात कुटतात आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. एकाच कुटलेल्या कॉफीवर तीन वेळा पाणी, तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तिसरी आशीर्वादाची, ती न घेता उठणं बरं दिसत नाही. मी दोन कप घेऊन घड्याळ पाहिलं तर म्हणे, "काकू, थांबा न, आशीर्वाद बाकी आहे."

कामाची गोष्ट मात्र त्याने जाता जाता सांगितली. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वर्षाला तेरा महिने, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. ड्रायव्हरला "दोन वाजता बस आण" म्हटलं तर तो सकाळी आठला हजर, आणि आपला ग्रुप अजून ब्रशच करून राहिलेला. वीस वर्षं तिकिटं काढली, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

दुसरी निवड बालीची. महाल भागातली पोरगी, लहानपणापासून मारबत (इडापीडा घेऊन जा म्हणत मिरवून जाळतात तो पुतळा) पाहिलेली. बालीत शक संवताप्रमाणे नवं वर्ष सुरू होतं, तोच शक जो आपल्या पंचांगात आहे. त्याच्या आदल्या संध्याकाळी बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेले अक्राळविक्राळ राक्षस, ओगोह-ओगोह, मोहल्ल्यातली पोरं खांद्यावर घेऊन निघतात. चौकात गोल फिरवतात, शेवटी बरेच जण जाळतात. तिने एका बाजूला तो फोटो लावला, दुसऱ्या बाजूला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत निघणारा आपला बडग्याचा पुतळा, आणि काही न बोलता उभी राहिली. मागून कोणीतरी ओरडलंच, "घेऊन जा गे मारबत!"

फरक पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास न्येपी. दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, घराबाहेर पडणं नाही. विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनीही हॉटेलातच राहायचं, रस्त्यावर पेचालांग नावाचे गावरक्षक फिरतात. म्हणजे मार्चची बाली टूर विकण्याआधी न्येपीची तारीख पाहा, नाहीतर परतीचं विमान त्याच दिवशी निघायचं. (आपल्याकडे मारबतच्या दुसऱ्या दिवशी डीजे तरी चोवीस तास बंद राहिला असता तर, बाप्पा!)

तिसरी मेक्सिकोची, थोडक्यात सांगते. १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्यांसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. दसऱ्याला आपण ढिगाने घेतो तो झेंडू मुळात तिकडचाच, हे ऐकून मी गार झाले.

मला पन्नासपैकी ३६. बालीच्या उत्तरात मारबतवर अर्धं पान लिहिलं म्हणून मार्क कापले, "विषयाला सोडून" असा लाल शेरा. मला हे पटलं नाही. नागपूरचा ग्रुप नेणार मी, ओगोह-ओगोह समजावताना दुसरं काय सांगणार? शिवाय निकालाच्या दिवशी 'सर्वाधिक पसंती' म्हणून स्वित्झर्लंडला ट्रॉफी. दोस्तांनी एकमेकांची नावं लिहिली हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. नावं झाकून उत्तरं तपासली असती आणि कारणांना मार्क दिले असते तर ट्रॉफी इतवारीत गेली असती.

माझा विषय फिनलंडचा सौना, म्हणजे घाम काढायला बसतात ती तापवलेली खोली. ५५ लाख लोकांच्या देशात ३० लाखांच्या आसपास सौना, वगैरे. बंद एसीच्या खोलीत बेचाळीस अंशात तो कोणाला आवडणार! तरी दोघांनी निवडला.

फक्त व्हिसा-विमा शिकायचा असेल तर एखाद्या एजन्सीत दोन महिने फुकट बसा, जास्त शिकाल. परीक्षेचे ते दोन रविवार हवे असतील तर फी भरा, हिवाळ्याची बॅच घ्या, पावती त्याच दिवशी मागा. आणि कोणी कॉफी भाजणार असेल तर चौकीदाराला आधी सांगून ठेवा.