व्हिसा केंद्रातली बोटांची नोंदणी आणि कापूस वेचणारे हात

लेकीचे बाळंतपण जर्मनीत, म्हणून जानेवारीत मी मुंबईच्या एका व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेले. गाव आमचे बाभुळगाव तालुक्यातले. धामणगावला विदर्भ एक्स्प्रेस धरली, रात्रभर बसून सकाळी मुंबई. सोबत पुतण्या होता. केंद्र स्वच्छ, नंबर वेळेवर लागला, कागद पाहणारी मुलगी मराठी बोलली. त्याबद्दल तक्रार नाही.

अडले ते मशीनवर. आधी उजव्या हाताची चार बोटे काचेवर, मग डाव्याची चार, शेवटी दोन्ही अंगठे. पाच वेळा ठेवले, पाचही वेळा लाल दिवा. घरी फरदडीची, म्हणजे कापसाच्या शेवटच्या बहराची, वेचणी सुरू होती. वाळल्या बोंडाची टोके बोटांना काय करतात, ते पराटीत दिवस काढणारीला सांगायला नको. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा उठत नाही, पण तो दुकानदार ओळखीचा, दुसरे बोट लावायला सांगतो. इथे खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मावशी, ठसे येत नाहीत. आठ-दहा दिवसांनी परत या." परत या म्हणजे दोघांची तिकिटे, दोघांची मजुरी, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. मला तिथेच रडू फुटले.

पुतण्याने नियम वाचून ठेवला होता. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा; त्याच्या संहितेच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे: दहाही बोटे उठत नसतील तर उठतील तेवढी घ्यायची, आणि ज्याला ठसे देणे शक्यच नाही त्याला सूट. त्याने वरिष्ठ बाईंना बोलावले. बाईंनी काच पुसली, माझी बोटे ओल्या रुमालाने टिपली, एकेक बोट हळू दाबून धरले. सात उठली. बाकी तीन बोटांपुढे 'तात्पुरते शक्य नाही' अशी नोंद झाली. सगळे वीस मिनिटांत. हे पहिल्या माणसाने का केले नाही? पुतण्या नसता तर मी परतच आले असते.

जावयांनी नंतर फोनवर समजावले. हे ठसे आणि फोटो 'व्हीआयएस' या त्या देशांच्या सामायिक साठ्यात जातात. तो २०११ मध्ये सुरू झाला, भारतातले अर्ज नोव्हेंबर २०१५ पासून त्यात आले, मुख्य यंत्रणा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला आहे. जर्मनीसाठी दिलेली बोटे इटलीच्या सीमेवरही ताडून पाहता येतात, म्हणजे दुसरे कोणी माझ्या व्हिसावर आत शिरू शकत नाही. हे मला पटते. आपल्या आधारशी त्याचा संबंध नाही, गावात बऱ्याच जणांना तसे वाटते म्हणून लिहिले. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, पुढच्या अर्जाला मुंबईची खेप वाचू शकते. मला मात्र ती सोय नाही, 'तात्पुरते' लिहिल्यामुळे पुढच्या वेळी बोटे पुन्हा द्यावीच लागणार. ज्यांचे हात कामाने झिजतात, त्यांच्याच वाट्याला दुसरी खेप येते. याचा विचार झाला पाहिजे.

फ्रँकफर्टला उतरल्यावर बोटे पहिल्यांदा जुळली नाहीत, दुसऱ्यांदा जुळली. अधिकारी घाई न करता थांबला. चेहऱ्याचा फोटोही घेतला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे ईईएस, म्हणजे सीमेवरची ये-जा नोंदवणारी यंत्रणा, सुरू झाली आहे; १८० दिवसांत राहायला मिळणारे आपले ९० दिवस ती मोजते.

यंत्रणेला पाचपैकी चार, खिडकीवरच्या वागणुकीला दोन, त्या बाईंना पूर्ण पाच. जाणाऱ्या बायांनी आधीचे आठ-दहा दिवस वेचणी बंद ठेवावी, रात्री बोटांना खोबरेल चोळावे, मशीनवर जाताना मात्र तेल नीट पुसावे.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा नेदरलँड्सला शिकतो. तिची ठसे द्यायची तारीख आम्ही मे महिन्यातली घेतली आहे, आणि त्याआधी धसकटे वेचायला तिला वावरात जाऊ द्यायचे नाही, असे घरात ठरले आहे.